संथ झालेला लॅपटॉप: आधी दुरुस्ती करावी की आधी विंडोज ११ टाकावे?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी वाईला घरी बसून पुस्तकांचे मुद्रितशोधन करते आणि माझे सारे काम २०१८ च्या गुढीपाडव्याला घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालते. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीतील आय३-६००६यू हा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विकत घेतानाच आलेले विंडोज १० आहे. पहिली तीन-चार वर्षे त्याने कुरकूर न करता काम केले, परंतु आता बटण दाबल्यापासून वर्डची फाइल उघडून तिच्यात पहिले अक्षर उमटेपर्यंत पावणेसहा मिनिटे लागतात. हे मी अंदाजाने सांगत नसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तीन दिवस मोजलेले आहे. तेवढ्या वेळात चहा होतो, आणि बहुतेक वेळा तो पिऊनही होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने सांगितले की, विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे आता विंडोज ११ टाकणे भागच आहे. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात विचारले असता तेथील गृहस्थ म्हणाले, "बाराशे रुपयांत विंडोज ११ टाकून देतो, लॅपटॉप पळायला लागेल." दुसऱ्या एका दुकानात मात्र विंडोजला हातही लावू नका, फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी न फिरणारी डिस्क, बसवा, असा सल्ला मिळाला. दोघांच्याही बोलण्यात तितकाच आत्मविश्वास असल्यामुळे माझा गोंधळ वाढला आहे.

माझ्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे एका प्रकाशकाच्या जुन्या पुस्तकांच्या फाइली युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये आहेत आणि त्या उघडण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी लागणारे मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर आहे. दुसरी म्हणजे डिसेंबरअखेर एक पुस्तक छपाईला जायचे असल्यामुळे लॅपटॉप आठवडाभर दुकानात ठेवणे मला परवडणारे नाही. खर्चासाठी सात-आठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. आधी दुरुस्ती करावी की आधी विंडोज बदलावे, की या वयाच्या यंत्रावर खर्चच करू नये, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : पेचकस

आपल्याला मिळालेले दोन सल्ले एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नाहीत, ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि गोंधळाचे मूळ तेच आहे. लॅपटॉप संथ का झाला, हा एक प्रश्न आहे. विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील की नाही, हा दुसरा प्रश्न आहे. नवी विंडोज टाकल्याने पहिला प्रश्न सुटत नाही आणि एसएसडी बसवल्याने दुसरा सुटत नाही. मी गेली पंधरा वर्षे लॅपटॉपदुरुस्तीचे काम करतो, तेव्हा पहिल्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो. दुसऱ्याबद्दल इथले इतर जाणकार लिहितीलच.

आपल्या यंत्रातील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी आहे. म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद जातात. हा हिशेब मांडला तर विखुरलेले लहान तुकडे वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण ६० ते ८० तुकडेच देऊ शकते. विंडोज सुरू होताना नेमके हेच घडते. हजारो लहान फाइली, आणि त्याही डिस्कच्या कानाकोपऱ्यांत पसरलेल्या. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे एक तुकडा मिळायला सुमारे दशांश मिलिसेकंद पुरतो. जाहिरातीत सेकंदाला ५०० एमबी असा जो वेग छापतात, तो सलग मोठी फाइल वाचण्याचा असतो आणि आपल्या कामात त्याचे महत्त्व फारसे नाही. खरा फरक या लहान तुकड्यांच्या वाचनात पडतो.

त्यातच रॅम ४ जीबी. विंडोज १० स्वतःच त्यातली जवळपास निम्मी व्यापते, पडद्यावरील चित्रासाठी आणखी थोडी राखून ठेवली जाते, आणि ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघडल्या की जागा संपते. जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर उचलून डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. वाण्याच्या दुकानात माल मांडायला फळी अपुरी पडली की नोकराला दर गिऱ्हाइकामागे मागच्या गोदामात पळावे लागते, तसा हा प्रकार आहे. आणि आपले गोदाम आधीच संथ आहे. त्यामुळे पुष्कळदा दुखणे रॅमचे असते आणि कण्हते डिस्क.

परंतु हे सारे अनुमान झाले. पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात, त्याला एक रुपयाही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स या पानावर जा. लॅपटॉप अडखळत असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा आकडा विशी-पंचविशीत असेल, तर दोष डिस्कचा किंवा रॅमचा आहे. प्रोसेसरच १०० टक्क्यांवर असेल, तर मागे कोणता प्रोग्राम चालू आहे ते शोधावे लागेल. दोन-दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवणारी कितीतरी यंत्रे माझ्याकडे येतात. प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये दिसतो, तोही पाहावा. तो कायम अर्ध्या गिगाहर्ट्‌झच्या आसपास अडकलेला असेल, तर पंख्यात धूळ साचून यंत्र तापत असेल किंवा चार्जर ओळखला जात नसेल, कारण काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात. अशा यंत्राला एसएसडी बसवून काही साधत नाही.

त्याच पानावर अपटाइम हा आकडा असतो. आपण रोज रात्री लॅपटॉप बंद करत असलात तरी तिथे वीस-पंचवीस दिवस दिसण्याची शक्यता आहे. फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो. रीस्टार्ट केल्यावरच तो खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करण्याची सवय लावावी.

शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती दाखवतो. तो चालवून काय दिसते ते इथे लिहा, मग पुढे बोलू.

उत्तर : सातचीलोकल

मी तज्ज्ञ नाही, पण नेमकी हीच चूक केलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. माझ्या लॅपटॉपमध्ये आठव्या पिढीचा आय५-८२५०यू हा प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालते. डिस्क मात्र तीच जुनी फिरणारी होती. लॅपटॉप संथ झाला म्हणून मी गेल्या वर्षी उत्साहाने विंडोज ११ घेतले. ते उतरवून बसवण्यात एक आख्खा रविवार गेला आणि सोमवारी सकाळी लॅपटॉप आधीपेक्षाही संथ होता, कारण नव्या विंडोजला मागे करायची कामे अधिक होती आणि ती सारी त्याच म्हाताऱ्या डिस्ककडून करून घ्यायची होती. चार महिन्यांनी कंटाळून एसएसडी बसवली आणि तेव्हा कुठे तो माणसात आला. आधी एसएसडी बसवून मग विंडोज ११ टाकले असते तर रविवारही वाचला असता.

कृष्णाकाठ

पेचकस, सांगितल्याप्रमाणे सर्व पाहिले. लॅपटॉप सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे डिस्क १०० टक्क्यांवर असते, पण प्रत्यक्ष वाचनाचा वेग सेकंदाला १ ते २ एमबी एवढाच दिसतो, हे मला विचित्र वाटले. प्रोसेसर १८ टक्के, वेग २ गिगाहर्ट्‌झ. मेमरी ३.९ पैकी ३.५ जीबी वापरात. मेमरीच्या पानावर दोनपैकी एक स्लॉट वापरात असल्याचे लिहिले आहे. अपटाइम २६ दिवस निघाला, आणि मी रोज रात्री न चुकता शटडाउन करते! क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर पिवळ्या रंगात कॉशन असे आले असून सी५ या ओळीपुढे ८ हा आकडा आहे. याचा अर्थ काय?

उत्तर : पेचकस

याचा अर्थ आता एसएसडी की विंडोज हा वाद बाजूला ठेवून आधी सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि हे काम आजच करावे. सी५ या ओळीचा आकडा म्हणजे डिस्कवरचे असे कप्पे, जे वाचताना अडचण आली आहे आणि ज्यांचा निकाल डिस्कने अजून लावलेला नाही. निरोगी डिस्कवर हा आकडा शून्य असतो. आठ म्हणजे डिस्क उद्याच बंद पडेल असे नाही, ती आणखी वर्षभरही रेटेल. पण ज्या कप्प्यात आपली फाइल असेल तो वाचताना ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि बाकी सारी कामे मागे खोळंबतात. १०० टक्के व्यग्र असूनही वेग १ एमबी दिसण्यामागे एक कारण ते लहान तुकड्यांचे वाचन आहे आणि दुसरे बहुधा हे असावे.

अशा डिस्कवर विंडोज ११ टाकणे म्हणजे आजारी बैलाला उसाच्या गाडीला जुंपणे. बसवण्याच्या प्रक्रियेत कितीतरी जीबी वाचले-लिहिले जातात आणि ती मध्येच अडकली तर जुनेही जाते आणि नवेही येत नाही. त्या बाराशे रुपयांच्या सल्ल्याबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की, सांगणाऱ्याने डिस्ककडे पाहिलेलेच नाही.

फाइली उतरवताना क्रम असा ठेवावा की चालू पुस्तकाची फाइल पहिल्यांदा, मग जुन्या फाँटमधील फाइली व ते फाँट, मग छायाचित्रे वगैरे. शक्य असल्यास दोन ठिकाणी उतरवावे. एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी इंटरनेटवरील साठवणीत. डिस्क दुरुस्त करतो म्हणणारे चेकडिस्कसारखे काहीही फाइली उतरण्याआधी चालवू नये, कारण त्या तपासणीत डिस्कला तासन्‌तास राबावे लागते आणि कधीकधी तेच तिचे शेवटचे काम ठरते.

त्यानंतर साटा या जोडणीची २.५ इंची एसएसडी घ्यावी, ती जुन्या डिस्कच्याच जागी बसते. डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवता येते, परंतु आपल्या बाबतीत खराब कप्प्यांमुळे ती नक्कल अडखळेल, म्हणून विंडोज नव्याने टाकणे बरे. त्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधनातून तयार करता येतो. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यावर इंटरनेटला जोडताच विंडोज आपोआप वैध होते. वेगळी की विकत घेण्याची गरज नाही, आणि कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नयेत. ऑफिसचे मात्र तसे नसते. ते ज्या खात्याशी जोडलेले असेल ते खाते आणि त्याचा पासवर्ड आधी शोधून ठेवावा. टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरबाबतही आधीच चौकशी करावी. अशा काही सॉफ्टवेअरचा परवाना यूएसबीला लावायच्या डाँगलवर असतो, काहींचा त्या संगणकाशीच बांधलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर जुनी डिस्क काढण्यापूर्वी विक्रेत्याशी बोलून घ्यावे, कारण नंतर ते अवघड होते.

रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे हे आपले नशीब. त्यात ४ जीबीची आणखी एक पट्टी बसली की एकूण ८ जीबी होतील. आपला प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर३एल या दोन्ही प्रकारच्या रॅमवर चालतो, पण या दोन पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्यावी किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो न्यावा. हल्ली रॅमचे भाव चढलेले आहेत, तेव्हा दोन ठिकाणी विचारावे. पैशांची ओढाताण असेल तर आधी एसएसडी घ्यावी आणि रॅम पुढच्या महिन्यात.

जुनी डिस्क फेकून न देता डीव्हीडीच्या जागी कॅडी नावाची चौकट घालून तिच्यात बसवा, असे मी एरवी सुचवतो. आपल्या डिस्कसाठी ते सुचवणार नाही.

उत्तर : तुरटी

पेचकस यांनी पहिला प्रश्न निकालात काढला आहे, म्हणून दुसऱ्याबद्दल लिहितो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे आपल्या भाच्याने बरोबर सांगितले. पण "म्हणून विंडोज ११ भागच आहे" हे पुढचे वाक्य आपल्या यंत्राला लागू पडत नाही.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ज्या अटी ठेवल्या आहेत, त्यांत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी आपला लॅपटॉप पूर्ण करतो. टीपीएम २.० ही सुरक्षाचिपची अटही पुष्कळ यंत्रे पूर्ण करतात, कारण इंटेलच्या प्रोसेसरमध्येच ती सोय अंगभूत असते आणि केवळ बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असते. अडतो तो प्रोसेसर. मान्य प्रोसेसरांची यादी, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि आपला सहाव्या पिढीचा आहे. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्राम चालवल्यास तोही हेच सांगेल.

मग दुकानदार बाराशे रुपयांत काय टाकून देणार होता? तपासणी वगळून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतात, हे मान्य केले पाहिजे. आपल्या प्रोसेसरवर ते सुरूही होईल. परंतु अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवले आहे, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती अशा यंत्रावर आपोआप येत नसल्यामुळे दर वेळी तीच युक्ती पुन्हा करावी लागते. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून विंडोज बदलायचे आणि बदलून पदरात काय, तर त्या मिळतील याची शाश्वती नाही! हौशी माणसाने गंमत म्हणून करायला हरकत नाही. छपाईची मुदत डोक्यावर असलेल्या माणसाने करू नये.

आपल्यासाठी मधला मार्ग आहे. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने काढली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. विंडोजच्या सेटिंग्जची प्रत त्या खात्यावर साठवायला परवानगी दिली तर नोंदणी मोफत होते. ते नको असेल तर ३० डॉलर भरण्याचा किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्‌सचे १,००० गुण वापरण्याचा पर्याय आहे. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. या योजनेत नव्या सोयी मिळत नाहीत, केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आपल्याला तेवढेच हवे आहे.

एक गोष्ट जाता जाता. आधार संपला म्हणजे १५ ऑक्टोबरला लॅपटॉप बंद पडला असे होत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्यानंतरही ते चालवणारी कार्यालये आपण सर्वांनी पाहिली आहेत. मात्र त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे निराळे आणि इंटरनेट न जोडता पुस्तकाची फाइल तपासणे निराळे.

उत्तर : तगर

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून करतो. मी स्वतः सहा वर्षे तिचा लिनक्स मिंट हा प्रकार वापरतो आहे. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर ते विनासायास चालते. सध्याची २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, आधी वापरून पाहता येते. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेने उत्तम टंकता येते.

तरीही आपल्याला मी ते आज सुचवणार नाही, आणि लिनक्सप्रेमींनी माझ्यावर रागावू नये. जुन्या फाँटचे ते टंकलेखनाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलेले असणार आणि लिनक्सवर ते चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय वर्डमधील बदलांच्या नोंदी आणि समासातील शेरे लिनक्सवर वर्डऐवजी वापरायच्या लिबरऑफिसमध्ये बहुतांशी नीट उघडत असले, तरी प्रकाशकाकडे फाइल परत गेल्यावर मांडणी जराशी हलली तर दोष आपल्याला लागेल. आणखी एक गैरसमज असा की लिनक्सने यंत्र वेगवान होतेच. सुरुवातीला ते हलके असते हे खरे. पण ब्राउझर उघडला की तो तिथेही तेवढीच रॅम मागतो, आणि खराब कप्प्यांची डिस्क लिनक्सखालीही खराबच असते.

पुढच्या ऑक्टोबरनंतर इंटरनेटच्या कामांपुरते लिनक्स आणि जुन्या फाइलींपुरते इंटरनेट न जोडलेले विंडोज १०, असे दोन्ही एकाच एसएसडीवर ठेवता येतील. त्यासाठी आत्ता ४८० जीबीची एसएसडी घेतलीत तर तेव्हा जागेची अडचण येणार नाही.

उत्तर : हिशेबवही

सर्वांचे म्हणणे वाचले, पण जवळजवळ आठ वर्षांच्या यंत्रात पैसे घालण्याबद्दल कुणी शंका घेतलेली दिसत नाही, म्हणून मी घेतो. बिजागरी, बॅटरी, कळफलक हे सारे तितकेच जुने आहेत. पाच-साडेपाच हजार घातले आणि सहा महिन्यांत मदरबोर्ड गेला तर ते पाण्यात. त्याऐवजी थोडी भर घालून कंपन्यांमधून निघालेला, आठव्या पिढीपुढचा वापरलेला लॅपटॉप का घेऊ नये? त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालेल आणि दोन्ही प्रश्न एकदमच सुटतील.

पेचकस

शंका रास्त आहे, आणि बॅटरी फुगलेली किंवा बिजागरी मोडलेली असती तर मीही हेच म्हटले असते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वापरलेला लॅपटॉप आठ हजारांत मिळत नाही असे नाही, परंतु त्या भावात मिळणाऱ्याची बॅटरी आणि डिस्कही कुणीतरी वापरून घेतलेलीच असते, आणि ती तपासायला तिथे कुणी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून देत नाही. दुसरे असे की एसएसडीवर केलेला खर्च त्या लॅपटॉपला चिकटून राहत नाही. उद्या मदरबोर्ड गेलाच, तर ती काढून तीन-चारशे रुपयांच्या यूएसबी डबीत घातली की बाहेरची डिस्क म्हणून चालते, किंवा २.५ इंची जागा असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपात बसते. रॅमची खात्री तेवढी देता येत नाही. म्हणून रॅमची नवी पट्टी घेण्याआधी बॅटरी आणि बिजागरी पाहून घ्याव्यात, हा आपला मुद्दा मी मान्य करतो.

एसएसडी पक्क्या पावतीसह घ्यावी. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी नावांच्या एसएसडीवर छापलेली क्षमता खरी असेलच असे नाही. शिवाय फिरणारी डिस्क कुरकुरून, अडखळून आधी सूचना देते, तशी एसएसडी बहुधा देत नाही. जाते तेव्हा एकदम जाते आणि तिच्यातून माहिती काढणे फार अवघड असते. फाइलींच्या दोन प्रती ठेवण्याची सवय एसएसडी बसवल्यावर सोडू नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मध्ये खरोखरच सगळे काम झाले.

फाइली उतरवायला दोन रात्री लागल्या. चालू पुस्तक आणि जुन्या फाँटच्या सर्व फाइली सुखरूप आल्या. २०१९ च्या छायाचित्रांचा एक फोल्डर मात्र अर्ध्यावर अडकला आणि त्यातली काही छायाचित्रे उघडतच नाहीत. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचा परवाना डाँगलवर निघाला. मी इतकी वर्षे लॅपटॉपच्या मागे लावून ठेवलेला तो लहानसा हिरवा तुकडा कशाचा, हेच विसरले होते. मागच्या वर्षी साफसफाईत तो फेकणार होते. मूळ सीडीही कपाटात सापडली.

साताऱ्याच्या दुकानातून ४८० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची रॅमची पट्टी मिळून, बसवण्याच्या मजुरीसह, ५,४०० रुपयांना पडली. आधी बॅटरी पाहून घेतली. ती फुगलेली नाही, मात्र दीड तासच चालते. लॅपटॉप उघडल्यावर पंख्यात कापसासारखा धुळीचा थर निघाला, तो त्यांनी समोरच साफ केला. विंडोज १० नव्याने टाकले आणि पेचकस म्हणाले होते तसे ते वायफायला जोडताच आपोआप वैध झाले. दुकानात विंडोजच्या कीचे वेगळे पैसे सांगितले होते, पण मी थोडा वेळ थांबून दाखवले तेव्हा तो विषय मागे पडला.

आता बटण दाबल्यापासून वर्डमध्ये पहिले अक्षर उमटेपर्यंत ३८ सेकंद लागतात. तीनशे पानांची फाइल आणि ब्राउझर एकत्र उघडे असताना मेमरी साडेपाच जीबीच्या आसपास दिसते, म्हणजे पूर्वी ४ जीबीत ती कुठे आणि कशी मावत होती ते आता कळले. प्रोसेसर जुना आहे हे जाणवतेही. पीडीएफमध्ये शेकडो दुरुस्त्यांच्या खुणा असल्या की पान उलटताना अजून थबकतो. पण त्याची तक्रार नाही.

वाढीव दुरुस्त्यांची नोंदणी भाच्याने दूरध्वनीवरून सांगितली आणि मी केली. खात्यावर सेटिंग्ज साठवण्याचा मोफत पर्याय घेतला. नोंदणीचा दुवा पहिल्या दिवशी दिसतच नव्हता, सर्व अपडेट बसवून रीस्टार्ट केल्यावर दिसला. हे इतर कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

एक छोटी शंका उरली आहे. जुन्या सॉफ्टवेअरने टंकताना "र्‍य" हे जोडाक्षर आता चौकोनासारखे दिसते, पूर्वी नीट दिसत असे. फाँट तेच आहेत असे मला वाटते.

तगर

सीडीवरून टाकलेल्या फाँटची आवृत्ती जुन्या डिस्कवरच्या आवृत्तीपेक्षा मागची असू शकते. मध्ये कधीतरी विक्रेत्याने सुधारित फाँट दिलेले असतील. जुन्या डिस्कवरून उतरवलेला फाँट फोल्डर आपल्याकडे आहेच. त्यातल्या आणि आत्ताच्या त्याच नावाच्या फाइलीची तारीख व आकार ताडून पाहा. वेगळे असतील तर आत्ताचा काढून जुन्या डिस्कवरचा टाका, वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

कृष्णाकाठ

तारीख वेगळीच निघाली, २०१४ आणि २०१७. बदलला. "र्‍य" आले.